खिडकीपाशी कोण उभं असतं?

बल्लारपूर,
रविवार दुपार

प्रिय गड्या,

तुझं पत्र परवा मिळालं. युनियनच्या शाखेचं सेक्रेटरीपद गळ्यात पडतंय म्हणतोस, आणि खाली पुस्ती जोडतोस, “मी काही ए. के. रॉय नाही.” फोनवर मला असलं नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

धनबादच्या कोळसा कामगारांचे पुढारी रॉयबाबू, त्यांचं नाव निघालं की लोक ठरलेलंच सांगतात. तीनदा आमदार, तीनदा खासदार, तरी लग्न नाही, स्वतःचं घर नाही. खासदारांच्या पेन्शनला विरोध केला आणि स्वतःचीही घेतली नाही. सगळं खरं आहे. पण एकदा का माणसाचा संत केला, की ऐकणारा मोकळा होतो. हात जोडायचे आणि घरी जायचं! तूही तेच करतोयस.

मुळात हा माणूस खाणीतला नव्हताच. १९३५ साली पूर्व बंगालात जन्म, कोलकात्यात शिक्षण, मग सिंद्रीच्या खत कारखान्यात केमिकल इंजिनियर. चांगली साहेबी नोकरी. १९६६ च्या बिहार बंदला साथ दिली, तुरुंगात गेले, नोकरीवर पाणी सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी सिंद्रीतून आमदार. १९७७ साली धनबादचे खासदार म्हणून निवडून आले तेव्हाही तुरुंगातच होते.

बाबांच्या फंडाच्या कामासाठी मी धनबादला गेलो होतो, आठवतं? काम तासाभरात झालं आणि परतीची गाडी रात्रीची. म्हणून झरियाकडे भटकलो. तिथली जमीन आतून, कोळशाच्या आगीनं, शंभर वर्षं जळतेय, भेगांतून धूर येतो, आणि त्याच्याच बाजूला बायका कपडे वाळत घालतात. एका टपरीवर एक रिटायर लोडर, म्हणजे कोळसा भरणारा मजूर, भेटला. मी वणी-चांद्याकडचा, बापही खाणीतला, असं कळल्यावर त्यानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

तो सांगत होता, पगाराची खिडकी एक आणि रांगा दोन. एक मजुरांची, खिडकीकडे तोंड केलेली. दुसरी सावकाराच्या पहलवानांची, मजुरांकडे तोंड केलेली. अंगठा उठवायचा, नोटा हातात पडायच्या, आणि मोजायच्या आत दुसरा हात पुढे यायचा. त्यानं पंजा उघडून दाखवला आणि माझ्यासमोर हळूच मिटला. व्याज, ठेकेदाराचं कमिशन, वर युनियनची वर्गणी. पावती फाडणारे युनियनवालेही त्याच पहलवानांतले.

रॉयबाबूंच्या बिहार कोलियरी कामगार युनियननं काय केलं, तर पगाराच्या दिवशी खिडकीपाशी माणसं उभी केली. नंतर मजुरांसोबत पार धौड्यापर्यंत चालत जायचं. धौडा म्हणजे आपली लेबर लाइन. बस्स. भाषण त्याला एकही आठवत नव्हतं. पहिल्यांदा पूर्ण पगार घरी नेला तेव्हा बायकोला वाटलं, यानं कुठंतरी चोरी केली.

मला माझी माय आठवली. बाबांच्या बंडीला तिनं आतून खिसा शिवला होता, वर सेफ्टी पिन. पगाराच्या दिवशी ती दारातच पिन काढायची, चपला सोडायच्या आधी.

या उभं राहण्याची किंमत मोजावी लागली. त्यांच्याच पक्षाचे निरसाचे आमदार गुरुदास चटर्जी यांचा २००० साली खून झाला. आणि सगळंच जिंकले असंही नाही. झरियाच्या खाणी १९७२ मध्ये सरकारी झाल्या. मालक गेले, पहलवान मात्र ट्रक आणि लोडिंगच्या ठेक्यांत शिरले. १९९१ ची निवडणूक तर रॉयबाबू हरले. बँकेवरच्या दरोड्यात मारल्या गेलेल्या एसपींच्या पत्नी समोर होत्या, सहानुभूती सगळी तिकडे. शिबू सोरेन यांच्यासोबत झारखंड मुक्ती मोर्चा उभा करण्यात यांचा हात, पण सत्ता आली तेव्हा हे कुठंच नव्हते. याला मी त्याग म्हणत नाही. मला ती त्यांची चूक वाटते. पटत नसेल तर ये, भांडू. २०१९ च्या जुलैमध्ये ते गेले.

आता तुझं. पगार बँकेत जमा होतो, खिडकी राहिली कुठं, असं तू म्हणशील. तुझ्या ओपनकास्टवर, उघड्या खाणीवर, माती उपसणारी ठेक्यावरची पोरं आहेत ना, त्यांना एकदा बाजूला घेऊन विचार, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं? पिन कोणाला माहीत आहे? ठेकेदाराच्या मुकादमासमोर विचारू नकोस, सांगणार नाहीत.

काय कळतं ते लिही, मग सेक्रेटरीपदाचं बघू. पोळ्याला येतोयस ना? माय पाटवडीचा रस्सा करते म्हणाली. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
फिटर