भाकरी एक की दीड?

प्रिय रूममेट,

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. तू आता सरकारी माणूस झालीस, शिवाय चारचौघांत कौतुक झालं की तुला कानकोंडं होतं. समोर बोलायला गेले असते तर "पुरे झालं, भांडी घास" म्हणून पळवून लावलं असतंस.

२०२४ च्या ऑगस्टमधली राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे गेली ती थेट १ डिसेंबरला. परीक्षा लांबली की खोलीचं भाडं, अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे सगळंच लांबतं, आणि ते घरी फोनवर सांगताना घशाला कोरड पडते. त्यात मला टायफॉइड. डबा वर पाठवा, वाटल्यास जास्तीचे पैसे घ्या, असं मेसवाल्यांना विनवलं, तर म्हणे नियम सगळ्यांना सारखा, खाली येऊन जेवा. आगाऊ भरलेले पैसेही बुडाले. तुझ्या आधीची रूममेट दुधाच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून क्लासला जायची, तिच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार? पण "कधीही जेवायला ये गं, तुझंच घर आहे" म्हणणारे कोथरूडचे नातेवाईक? त्यांचा एक फोन आला. "काही लागलं तर सांग." संपलं.

मग तू राहायला आलीस. ज्वारीचं पीठ, येसरचा डबा आणि पाच किलोचा सिलिंडर घेऊन. मी चिपळूणची, भात पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं न वाटणारी. येसर हा शब्दही कधी ऐकला नव्हता. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेले. लसणाची फोडणी, पाणी, आणि उकळी फुटली की त्यात कालवलेलं येसर. दहा मिनिटांत आमटी. डाळ शिजवायचा गॅस वाचतो, हा तुझा हिशेब. पेठेतल्या दुकानातलं पीठ जुनं, त्याला विरी नसायची, म्हणून आधणाचं पाणी घालून मळायचीस. परात नव्हती, तर स्टीलच्या ताटात थापायचीस. त्या आवाजाने घरमालकीणबाई खालून ओरडायच्या, "रात्रीचं काय ठोकताय गं?" त्यांनाही एकदा गरम भाकरी नेऊन दिलीस, तेव्हापासून ठोकणं चालू लागलं.

पण हे पत्र त्या आमटीसाठी नाही. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, यादीत माझा नंबर नव्हता, त्या संध्याकाळसाठी आहे. मी दिवा न लावता भिंतीकडे तोंड करून पडले होते. तोवर फोनवर सगळ्यांचं सांत्वन ऐकून झालं होतं. कोणी "पुढच्या वेळी नक्की", कोणी "प्लॅन बी ठेवला होतास ना?" तू आत आलीस, हाताला पीठ तसंच. काय झालं विचारलं नाहीस. जेवणार का, हेही विचारलं नाहीस. "भाकरी एक की दीड?" एवढंच.

मी जेवणार हे तू धरूनच चालली होतीस. "जेवतेस का?" असं विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं आणि रात्रभर तशीच पडून राहिले असते. एक की दीड, याला नाही म्हणताच येत नाही गं. मी "दीड" म्हटलं. उरलेली अर्धी तू दुधात कुस्करून खाल्लीस आणि तेवढ्यावरच झोपलीस. पीठ संपलं होतं, ते मला सकाळी डबा उघडल्यावर कळलं.

नवी पेठ, सदाशिव पेठ इथे जागोजागी यशाची हमी देणारे फ्लेक्स लागलेत. नापास झालेल्याला गरम जेवू घालणाऱ्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही. पण अशी माणसं आहेत. उधारीवर दूध देणारे आहेत, अभ्यासिकेत शेजारच्याला अर्धा डबा सरकवणारे आहेत. त्यांच्या जिवावर हे शहर आम्हा बाहेरगावच्या पोरींना सोसवतं.

तुझ्या खाटेवर नवी मुलगी आली आहे. इंदापूरची आहे, वरण-भाताचा कुकर तेवढा लावता येतो. भाकरी मीच थापते, कडेला चिरतात अजून.

येसरचा डबा काकूंकडे परत पाठवते आहे. रिकामा कसा पाठवू, म्हणून घरची आमसुलं भरली आहेत. आमटीत दोनच टाक, जास्त झाली तर आंबट ढाण होईल. आणि काकूंना म्हणावं, पुढचं येसर करताना मिरची जरा कमी घाला, खाणारी कोकणातली आहे.

तुझीच,
दीड भाकरीवाली