तोफेजवळच्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. डिसेंबर २०१० मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत शिल्पकार अनिश कपूर यांचं प्रदर्शन होतं आणि तुम्ही तिथे सिक्युरिटीच्या ड्यूटीवर होता, एवढंच मला माहीत आहे. सांगलीहून रात्रीच्या एसटीनं आलेला, सॅकवाला मुलगा तुम्हाला आठवत नसेल. मला तुम्ही चांगले आठवता.

मी तेव्हा शिल्पकलेच्या पहिल्या वर्षाला होतो. शिल्प म्हणजे चौकातला अश्वारूढ पुतळा, देवळाच्या खांबावरची मूर्ती, नाहीतर आमची कॉलेजातली हेड स्टडी, म्हणजे समोरच्या माणसाचं मातीतलं डोकं. तारेच्या सांगाड्यावर माती चढवायची, समोर बसलेल्या माणसाचं नाक पुन्हा पुन्हा मापायचं, मग प्लास्टरचा साचा. साच्याच्या पहिल्या थरात आम्ही नीळ कालवायचो. साचा फोडताना निळा रंग दिसला की छिन्नी जपून, आत आपलं काम आहे. हे सगळं मला जिवापाड आवडायचं, अजूनही आवडतं. म्हणूनच शूटिंगच्या त्या उंच फ्लोअरवर पांढऱ्या भिंतींच्या कोपऱ्यात पडलेला लाल मेणाचा राडा आणि त्याच्यावर रोखलेली, हवेच्या दाबावर चालणारी तोफ बघून मी खट्टू झालो. यात हाताचं काम कुठे आहे? दोन मिनिटांत पाठ फिरवली.

"का रे, निघालास? आत्ता उडवतील. थांब की," तुम्ही म्हणालात.

थांबलो. एकानं मेणाचा जाडजूड गोळा उचलून नळीत सरकवला. सगळे गप्प. मग असा बार झाला की छातीत धस्स झालं. गोळा भिंतीवर फाटकन बसला, क्षणभर तिथंच राहिला आणि मग त्याचा एक लचका सावकाश, अगदी सावकाश खाली घसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पुढे गेले.

तुम्ही मात्र मला बाजूला नेऊन कोपरा दाखवलात. पहिल्या दिवशी भिंत कोरी होती, म्हणालात. कालची कड कुठवर होती ते बोट करून सांगितलंत. वरचं वजन पडून खालचं कसं दबत चाललंय, कुठला लोळा आता सुटेल, तेही सांगितलंत. आणि तो खरंच सुटला! तासभर मी तुमच्या शेजारी उभा होतो. पुढचे बार झाले तेव्हा मी तोफेकडे बघितलंही नाही, ढिगाकडेच बघत होतो.

कॉलेजात रात्रीतून माती सांगाड्यावरून ढासळली की आम्ही कपाळाला हात लावायचो. आठवडाभराचं काम गेलं म्हणायचो. इथे ते ढासळणंच काम होतं. आकार माणसाचे हात देत नव्हते, मेणाचा चिकटपणा, त्याचं वजन आणि भिंतीची उंची देत होती. हे मला कुठल्याही व्याख्यानातून कळलं नसतं, कारण त्यासाठी रोज त्या ढिगासमोर उभं राहिलेला माणूस लागत होता.

पुढच्या सुट्टीत मी अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय बघायला गेलो. पुण्यातला १९२८ चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा करणारे तेच करमरकर. तिथली सिमेंटातली माणसं मी पहिल्यांदाच चेहरा सोडून बघितली. भार कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे झुकली आहे, सिमेंटचा खरखरीतपणा अंगाला कसा शोभतो. जुनं शिल्प मला नव्या शिल्पानं दाखवलं, काका, आणि ते नवं तुम्ही दाखवलंत.

आता मी मुलांना मातीकाम शिकवतो. परवा एका मुलीच्या हेड स्टडीचा गाल रात्रीतून घसरून खांद्यावर आला होता. ती रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, उचलू नकोस, आधी स्टूल घे आणि बघत बस थोडा वेळ. तेव्हा तुमची फार आठवण आली, म्हणून आज लिहायला बसलो.

मनापासून आभार.

तुमचा,
सांगलीचा सॅकवाला