पुस्तकांच्या खोक्यासोबत

सांगली, गुरुवार

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

खोकं आज एकदाचं बांधून झालं. बाबांनी सुतळीच्या गाठी अशा मारल्यात की तुला कोयताच लागेल. पार्सल धडगावपर्यंत येईल, पुढचं तू बघ. नाल्याला पाणी असेल तर आणायला जाऊ नकोस. पडू दे तिथेच चार दिवस, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

रविवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली, हे मी विचारणार नाही. बदलीचा विषय काढायचा नाही असं बाबांनी बजावलंय. म्हणून फक्त पुस्तकांबद्दल लिहिते. तूच म्हणालीस ना, कुठलं पुस्तक कुणाला द्यायचं ते लिहून पाठव म्हणून. मी काही समीक्षक नाही. दुपारी भांडी झाल्यावर वाचणारी बाई. माझी मतं तेवढ्याच बेताने घे.

सगळ्यांत वर 'राधाचं घर' ठेवलंय, माधुरी पुरंदऱ्यांचं. पहिली-दुसरीला तेच दे. वाक्यं छोटी आणि चित्रं इतकी बोलकी की आजीच्या कपाळावरची आठीसुद्धा ओळखीची वाटते. तुझी मुलं घरी पावरी बोलतात आणि वर्गात मराठी सुरू झालं की गप्प होतात, असं तू सांगितलंस. मग त्यांना आधी चित्रंच बघू दे की. चित्रातले आजोबा काय करतायत ते त्यांच्या बोलीत सांगू दे, शब्द तू त्यांच्याकडून शीक. अगं, शिकवायलाच लागले तुला. डी.एड. तू केलंयस, मी नाही. राहू दे.

फास्टर फेणेची पुस्तकं दादूची आहेत, त्याला न विचारता घातलीत. चौथी-पाचवीच्या पोरांनी पुणं पाहिलेलं नसलं तरी बन्याची सायकल आणि ते 'ट्टॉक' कळायला पुणं कशाला लागतं? भागवतांची वाक्यं पळतात. मी मात्र आता वाचताना वेगळीच अडकते. हे पोरगं सारखं चोर-दरोडेखोरांच्या तावडीत सापडतं आणि तिकडे फुरसुंगीला आईवडील बिनघोर! मला नाही बाई जमणार. तू सहाला घरी पोचलीस असा मेसेज साडेसहापर्यंत आला नाही की मी गॅस बंद करून बसते. येताना त्या अंगणवाडीताई रोज सोबत असतात का? दोन्ही वेळा विचारलं, दोन्ही वेळा तू विषय बदललास.

'श्यामची आई'बद्दल माझं मत तुला माहीत आहे. आजी असेपर्यंत मोठ्याने बोलायची सोय नव्हती. पानापानावर रडतात हो ती माणसं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं, आईची आठवण दाटून आली असेल, कबूल. पण मुलांना सलग वाचून दाखवू नकोस, मधले मधले प्रसंग घे. पोहण्याचा घे. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते, कारण आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही. खोकं भरताना नेमकं तेच पान उघडलं. बाबा समोरच होते. काही बोलले नाहीत, नुसते हसले.

तुला पोहायला त्यांनीच शिकवलं, कृष्णेवर, पाठीला डबा बांधून. डबा सोडायचा दिवस आला तेव्हा तू घाटावर असा गळा काढलास की कपडे धुणाऱ्या बायका धावत आल्या. आणि मग मे महिनाभर पाण्याबाहेर यायला तयार नव्हतीस, डोळे लाल, केसांचा नुसता झाडू. मी काठावर टॉवेल घेऊन बसायचे आणि आत 'ययाती' उघडलेलं असायचं. ज्ञानपीठ मिळालेलं पुस्तक, सगळे वाखाणतात, पण मला त्यात माणसं बोलतात कमी आणि भाषणं करतात जास्त असंच वाटत आलंय. बाप लेकाचं तारुण्य मागतो आणि लेक देतोही! खोक्यात घातलं नाही. पण तो नाला म्हणजे कृष्णेचा घाट नव्हे, मुक्ता. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. तिथे पोहता येण्याचा काही उपयोग नाही.

बघ, परत तिथेच आले.

'तोत्तोचान' तू वाचलेलं आहेस, पण शाळेत शिकवायला लागल्यावर परत वाच. शाळेतून काढलेल्या त्या पोरीचं बोलणं कोबायाशी सर पहिल्या दिवशी चार तास ऐकून घेतात. चार तास! आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा सगळ्यांना आठवते, मला ते ऐकणंच मोठं वाटतं. आणि तिची आई. आपल्याला पहिल्या शाळेतून काढलं होतं हे त्या मुलीला विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आईने कळूच दिलं नाही. एवढं पोटात ठेवायचं म्हणजे काय पोट असेल! माझं तर तोंडावर दिसतं, तू म्हणतेसच.

'बनगरवाडी' तुझ्यासाठी आहे, मुलांसाठी नाही. माडगूळकरांचा तो कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत जातो तेव्हा शाळेत पोरंच नसतात, मेंढरांमागे गेलेली. तुझ्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत वर्ग रिकामा होतो तसंच ते. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, तक्रारी सोडवायला बोलावते, तालीम बांधते. सगळं किती साध्या भाषेत, एक शब्द जास्तीचा नाही. मराठीत याहून चांगली कादंबरी मी तरी वाचलेली नाही, आणि हे मी 'मृत्युंजय' दोनदा वाचून सांगतेय. शेवट मात्र आत्ताच वाचू नकोस. दुष्काळात सगळी वाडी उठून जाते. तुला रागच येईल, मला आला होता.

लंपनची पुस्तकं माझ्याकडेच ठेवली आहेत. आईवडिलांपासून लांब आजीकडे राहणारं ते पोर 'वनवास'मध्ये वरवर मजेत असतं. प्रकाश नारायण संत कुठेच सांगत नाहीत की त्याला एकटं वाटतंय, आणि वाचणाऱ्याला मात्र सारखं कळत राहतं. तू फोनवर "मजेत आहे गं" म्हणतेस ना, तेव्हा मला तो आठवतो.

'पाडस'ही पाठवत नाही. तुला टायफॉइड झाला होता त्या वर्षी मी रोज थोडं थोडं वाचून दाखवायचे. राम पटवर्धनांचं मराठी असं की फ्लोरिडाचं जंगल सातारा जिल्ह्यात असल्यासारखं वाटावं. हरणाचं पाडस पिकं खाऊन टाकतं, घरात खायला उरणार नाही म्हणून आई गोळी झाडते, नेम चुकतो आणि शेवटची गोळी ते पाळणाऱ्या पोरालाच स्वतःच्या हाताने झाडावी लागते. तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस आणि दोन दिवस माझ्या हातची पेज घेतली नाहीस, जशी काही गोळी मीच झाडली. सहावी-सातवीला ते झेपेल की नाही ते तू ठरव. हवं असेल तर सांग, पाठवते.

परवा वाचनालयात त्या काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, लेक सातपुड्यात शिक्षिका आहे म्हणून. जरा जास्तच मोठ्याने सांगितलं बहुतेक, पेपर वाचणारे दोघं वळून बघायला लागले. 16,000 मानधनात कसं भागतं असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मला उत्तर सुचलं नाही. माईआत्या म्हणते, इथे जवळ खासगी शाळेत मिळालं असतं. तिला म्हटलं, मिळालं असतं, पण तिने ते मागितलंच नव्हतं. हे मी तुझ्या बाजूने बोलले, लक्षात ठेव. आणि तरी पाऊस वाढला तर त्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन करून सरळ सांग, येता येत नाही म्हणून. रजा कापली तर कापू देत.

पुस्तकं फाटतील, फाटू देत. 'किशोर'चे जुने अंक तर घरीच न्यायला दे, मुलांच्या आईवडिलांनाही चित्रं बघू देत.

तुझी,
आई

ता. क. तळाशी बॅटरी आहे, सेल घातलेले आहेत. तिच्याखाली बाबांनी मला न सांगता 'कोसला' सरकवलंय. बापाच्या पैशावर पुण्यात राहून नुसता हिंडणारा तो सांगवीकर मला कधीच आवडला नाही, पण धाकटी मनी देवीने जाते तो भाग मी अजून एका बैठकीत वाचू शकत नाही. आणि 'तोत्तोचान' माईआत्याचं आहे, दिवाळीला येताना परत आण, नाहीतर ती मला वर्षभर ऐकवेल.