बांडगूळ कुठल्या झाडावरचं, तेही छापा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत नाताळच्या निमित्ताने मिसलटोवर, म्हणजे युरोपातल्या बांडगुळावर, आलेला लेख वाचला, मनापासून आवडला. उत्तर युरोपच्या पुराणातल्या बाल्डर देवाची गोष्ट तर आमच्याकडे पोरांना मोठ्याने वाचून दाखवली. आई फ्रिग सगळ्या सृष्टीकडून शपथ घेते की माझ्या लेकाला इजा करणार नाही, फक्त मिसलटो अगदीच कोवळं दिसलं म्हणून त्याला सोडते, आणि कपटी लोकी नेमकी तीच फांदी आंधळ्या होडरच्या हातात देतो, तिनेच बाल्डर मरतो. हिरण्यकश्यपूच्या वरातली फट माहीत असलेल्या आपल्या पोरांना ही गोष्ट लगेच कळते. मिसलटोखाली उभं राहून चुंबन घ्यायचं, दर वेळी एक फळ तोडायचं आणि फळं संपली की चुंबनंही संपली, हा इंग्लंडमधला रिवाजही छान सांगितलाय.

पत्र लिहितेय ते त्या लेखाखालच्या चौकटीबद्दल. त्यात आपल्याकडचं बांडगूळही औषधी आहे, मुतखडा आणि मधुमेहावर त्याचा काढा घेतात, असं दोन-तीन ओळींत उरकलंय. कुठलं बांडगूळ, कुठल्या झाडावरचं, कुणाला विचारून घ्यायचं, यातलं एक अक्षर नाही. आमची आंब्याची बाग आहे, बांडगूळ आम्ही रोज बघतो आणि दरवर्षी तोडतो, म्हणून ही चौकट वाचून गप्प बसवेना.

ज्या युरोपच्या परंपरेवर तुम्ही एवढा मोठा लेख छापलात तिथेही सगळा भर कुठल्या झाडावरचं यावरच होता. रोमन लेखक प्लिनीने इसवी सन 77 च्या सुमारास प्राचीन युरोपातल्या ड्रुइड पुजाऱ्यांचं वर्णन केलंय ते वाचा. मिसलटो सफरचंदावर, पॉप्लरवर भरपूर येतं, त्याचं त्यांना काही नव्हतं, त्यांना हवं असायचं ते ओकवरचं, जे क्वचितच सापडतं. ते सापडलं की चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या कपड्यातला पुजारी झाडावर चढणार, सोन्याच्या विळ्याने कापणार, खाली पांढऱ्या कापडात झेलणार आणि मग दोन पांढरे बैल बळी देणार. त्याचं पेय घेतलं की वांझ जनावर गाभण राहतं आणि कुठलंही विष उतरतं असा त्यांचा विश्वास. आपल्याकडेही अमुक नक्षत्रावर अमुक झाडाचा बांदा, म्हणजे बांडगूळच, आणला की धन येतं, कोर्टात जय मिळतो असं सांगणारे आहेत, आणि आता ते बांदे ऑनलाइनसुद्धा मिळतात. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, पण झाडाचं नाव घेतल्याशिवाय तिथेही कुणी बोलत नाही.

युरोपात फेफऱ्यावर मिसलटो शेकडो वर्षं देत होते. त्यामागचा एक विचार असा, की हे झुडूप जमिनीला न टेकता उंच फांदीवर राहतं, कधी खाली पडत नाही, म्हणून ते घेणारा माणूसही झटका येऊन पडणार नाही. लंडनच्या जॉन कोलबॅच नावाच्या डॉक्टरने 1719 मध्ये त्यावर पुस्तिकाच काढली होती. आज जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये कॅन्सरच्या पेशंटला मिसलटोच्या अर्काची इंजेक्शनं देतात, रुडॉल्फ स्टायनर या तत्त्वज्ञाच्या विचारातून 100 वर्षांपूर्वी ते सुरू झालं. त्यातही सफरचंदावरच्या, ओकवरच्या आणि पाइनवरच्या मिसलटोची औषधं वेगवेगळी ठेवतात. ती नेहमीच्या ट्रीटमेंटच्या जोडीला असतात, तिच्याऐवजी नाही, आणि त्याने आयुष्य वाढतं याचा भक्कम पुरावा अजून नाही. अमेरिकेत तर कॅन्सरवरचं औषध म्हणून त्याला मान्यताच नाही. तुमच्या चौकटीत "परदेशात कॅन्सरवरही वापर" एवढं अर्धं वाक्य आलंय. ज्या घरात पेशंट आहे तिथे असल्या अर्ध्या वाक्यावरही माणसं आशा लावून बसतात हो.

आता आपलं बांडगूळ. आंब्यावर, चिकूवर, पेरूवर दिसतं ते लांब नळीच्या केशरी-लाल फुलांचं. पुस्तकात त्याचं नाव डेंड्रोफ्थी फॅल्काटा, म्हणजे युरोपातल्या मिसलटोचं लांबचं नातेवाईक, तेच झाड नव्हे. घाटात पानं नसलेलं, पेरापेरांचं हिरवं बांडगूळ मिळतं ते मात्र त्या मिसलटोच्या जवळचं, त्याचं नाव विस्कम. चौकटीत या दोन्हींची सरमिसळ आहे आणि फोटो तिसराच, पांढऱ्या फळांचा, परदेशातला!

आपल्या ग्रंथांत काही नाही असं मी म्हणत नाही. चरकाच्या मूत्रविरेचनीय, म्हणजे लघवी साफ करणाऱ्या, औषधांत वृक्षादनी आहे, सुश्रुताच्या वीरतर्वादि गणात, म्हणजे औषधांच्या गटातही आहे आणि तो गण मुतखड्यावर, लघवी अडण्यावरच सांगितलाय. वृक्षादनी म्हणजे बांडगूळच असं वैद्य मानतात. पण तिथे ती गोखरू, दर्भ, पाषाणभेद अशा बाकीच्या औषधांच्या बरोबरीने येते आणि द्यायची कुणाला, किती, हे वैद्य ठरवतो. पेपर वाचून फांदी तोडली आणि पातेल्यात उकळली असं नाही.

मला खरी भीती वाटते ती काजऱ्याची, म्हणजे कुचल्याच्या झाडाची. कोकणात काजरा रानात, बांधाला कुठेही उभा असतो, त्याच्या बिया विषारी हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण काजऱ्यावर उगवलेलं बांडगूळही विषारी असतं हे मोठ्यांनाही माहीत नसतं. बांडगूळ यजमान झाडाच्या फांदीत आपलं मूळ घुसवून तिथलं पाणी आणि क्षार ओढतं, त्याबरोबर झाडातलं बाकीचंही काही त्यात उतरू शकतं. ओडिशात कटकच्या बाजूला काजऱ्यावरच्या बांडगुळाची पानं विषारी असल्याची नोंद 19 व्या शतकातच झालेली आहे, आणि त्यात स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन, म्हणजे काजऱ्याचीच विषं, सापडलेली आहेत.

आणि हे पसरतं कसं ते बघा. फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी पिकलेलं फळ गिळतो, बी पोटातून बाहेर येते तेव्हाही तिच्यावर डिंकासारखा चिकट लगदा असतो, ती सहजासहजी सुटत नाही म्हणून तो फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच चिकटून बसते. कधी कधी तर चिकट तारेला चार-पाच बिया माळेसारख्या लोंबत असतात. तो पक्षी आंब्यावरून उठून कुठल्या झाडावर जाऊन बसेल ते त्याचं त्याला माहीत. तोडून पिशवीत भरलेला पाला बघून तो कुठल्या झाडावरून आणला हे मला इतकी वर्षं बागेत घालवूनही सांगता येणार नाही.

मागे आठवड्याच्या बाजारात एक जण जडीबुटीच्या गोणपाटावर सुकं बांडगूळ विकत होता. मी विचारलं, कुठल्या झाडावरचं? म्हणाला, "काकू, सगळ्यांचा गुण एकच, निर्धास्त घेऊन जा." शेजारच्या बाईंनी नवऱ्याच्या मुतखड्यासाठी माझ्यासमोर दोन पुड्या घेतल्या. मी सांगून बघितलं तर म्हणाल्या, पेपरात पण येतं की. यावर काय बोलणार?

बागायतदारांसाठी एक सांगते, नुसता पाला ओरबाडून काही होत नाही, गाठीतून परत फुटतं, त्यामुळे गाठीच्या खालून फांदीच छाटावी लागते. आणि रानातल्या बिनकामाच्या झाडांवरचं राहू द्या, कारण हळदीकुंकू नावाचं ते देखणं फुलपाखरू बांडगुळावरच अंडी घालतं.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत खुलासा द्या: काजऱ्यावरचं बांडगूळ विषारी असतं, झाड माहीत नसलेलं बांडगूळ पोटात घेऊ नये, मधुमेहाची आणि कॅन्सरची चालू औषधं त्यासाठी बंद करू नयेत. शक्य झालं तर एखाद्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांकडून आणि एखाद्या वैद्यांकडून मजकूर तपासून घ्या. फोटो हवा असेल तर आमच्या बागेतला पाठवते, आत्ता फुलावर आहे.

आपली,
एक वाचक आणि आंबा बागायतदार,
जि. रत्नागिरी