सुएझच्या पहाटेचे ऋण

पुणे

प्रिय सेकंड ऑफिसर यांस,
सप्रेम नमस्कार.

२०१७ मध्ये रॉटरडॅमहून सिंगापूरला निघालेल्या कंटेनर जहाजावर मी प्रवासी होते. उतरताना आपला पत्ता घ्यायचा राहिला. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. गुहागरकडचे कोणी ते आपल्या घरी पोचवील, अशी आशा आहे.

बारापेक्षा अधिक प्रवासी घेतले की मालवाहू जहाजाला प्रवासी जहाजाचे नियम लागू होतात, त्यामुळे अशा जहाजांवर प्रवासी मोजकेच असतात. आम्ही तर तिघेच होतो. आमची विचारपूस करणे हे कोणाचेच काम नव्हते. तरीही बिस्केच्या उपसागरात मला बोट लागली, तेव्हा दुपारची १२ ते ४ ची पाळी संपवून आपण कोरडी बिस्किटे घेऊन आलात आणि जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात म्हणून मला तिथे नेऊन बसवलेत.

खरे ऋण मात्र सुएझचे आहे. मी पुण्यातल्या शाळेत ३१ वर्षे भूगोल शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर दोन समुद्रांमध्ये खडूची सरळ रेघ ओढून ‘१८६९ मध्ये खुला’ एवढे सांगत आले. पोर्ट सईदला आमचा जहाजांचा काफिला पहाटे कालव्यात शिरणार होता. मला ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, येता यावे म्हणून आपण कप्तानांची परवानगी आधीच काढून ठेवली होतीत आणि मला उठवायला खलाशी पाठवलात. पायलट, म्हणजे कालव्यातून जहाज नेताना वाट दाखवणारा माणूस, ब्रिजवर असताना बोलायचे नाही, एवढीच अट होती. उजाडत गेले तशी उजवीकडे नाईलच्या पाण्यावरची हिरवी शेते दिसू लागली आणि डावीकडे सिनाईची वाळू. ब्रिजवरचा माझा कोपरा सोडून जेवायला जाण्याचेही मला सुचले नाही.

नंतर, स्वतःची झोप बाजूला ठेवून, आपण नकाशा उलगडलात. दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी असल्याने १९३ किलोमीटरच्या या कालव्यात जहाज चढवणारे-उतरवणारे दरवाजे नाहीत. काठाच्या फार जवळ गेले तर जहाजाचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो. २०१५ मध्ये ३५ किलोमीटरचा समांतर कालवा झाल्यापासून त्या टप्प्यात दोन्ही दिशांची जहाजे एकाच वेळी जाऊ शकतात. माझा एकही प्रश्न आपण बाळबोध मानला नाहीत.

नवी आवृत्ती आल्याने रद्द झालेला तो नकाशा आपण मला दिलात. आता तो माझ्या सदाशिव पेठेतल्या घरी भिंतीवर आहे. शेजारची मुले त्यातली सरोवरे बोटाने शोधतात, आणि आपल्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत म्हणून मी त्यावर काच बसवून घेतली आहे.

आपली अत्यंत आभारी,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका