चि. मुक्तास, युरोपातल्या आडवळणाच्या जागांविषयी

पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परीक्षा आटोपल्यानंतरच्या सुट्टीत युरोपातल्या जगावेगळ्या जागा पाहण्याचा तुझा बेत कळला, आणि तू पाठवलेली छायाचित्रेही तुझ्या आईने व मी एकत्र बसून पाहिली. छप्पर खाली नि जोते वर असे उलटे घर, जंगलातल्या पारदर्शक फुग्यात मांडलेला पलंग, स्वीडनमधले बर्फाचे हॉटेल अशी तुझी यादी आहे. त्यांत वावगे काहीच नाही. परंतु यांपैकी बऱ्याच जागा छायाचित्र काढता यावे म्हणूनच बांधलेल्या आहेत आणि ते काढून झाले की तिथे पाहण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून तुला माझा आग्रह आहे, की जागा निवडताना ती अशी का झाली, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर जमिनीच्या घडणीत, एखाद्या जुन्या करारात किंवा माणसांच्या निकडीत सापडत असेल, तर तिथे जरूर जावे; मग ते गाव कोणाच्या यादीत नसले तरी चालेल.

बर्फाच्या हॉटेलाला मात्र मी या आक्षेपातून वगळतो. युकासयार्वी या गावी ते १९८९-९०च्या हिवाळ्यापासून उभे राहत आले आहे. टोर्ने नदीतून कापून काढलेल्या बर्फाचे ते दर हिवाळ्यात नव्याने बांधतात आणि वसंतात ते वितळून त्याच नदीला मिळते. तिथे शून्याखाली पाच-सहा अंशांत रेनडियरच्या कातड्यावर झोपावे लागते आणि त्यासाठी विद्यार्थ्याला न पेलणारे पैसे मोजावे लागतात. दिवसा तिकीट काढून आतल्या खोल्या पाहता येतात, तेवढे तूर्त पुरे.

सुरुवात घराजवळून कर. तू शिकतेस त्या जर्मनीतल्या आखेनहून वुपर्टाल हे शहर फार दूर नाही आणि तुझे सेमिस्टरचे तिकीट (विद्यार्थ्यांचा प्रवासपास) तिथवर, एवढेच नव्हे तर मी पुढे सांगतो आहे त्या तिथल्या झुलत्या रेल्वेतही चालते. यंत्रांच्या कामानिमित्त जवळच्या रेमशाइडला माझे राहणे झाले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी त्या गाडीत नुसता बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असे. फोविंकेल ते ओबरबार्मेन हा मार्ग १३.३ किलोमीटरचा आहे. त्यातला मोठा भाग वुपर नदीच्या पात्रावरून जातो. दोन्ही काठांवर पाय रोवलेले लोखंडी तिरके आधार, त्यांच्यावर एकच रूळ आणि त्या रुळाखाली लोंबकळणारे डबे अशी ही रचना आहे. वळणावर डबा बाहेरच्या बाजूला झुकतो आणि नदी क्षणभर एका खिडकीत भरून येते. ही हौस नव्हती. एकोणिसाव्या शतकात या अरुंद दरीत कापडाच्या गिरण्या आणि रंगांचे कारखाने असे काही दाटले, की जमिनीवर रूळ टाकायला जागा उरली नाही आणि खाली खडक असल्यामुळे भुयारही परवडेना. मोकळी जागा काय ती नदीच्या वर होती. कोलोनचे उद्योजक ऑयगेन लांगेन यांनी ती हेरली. फोर-स्ट्रोक इंजिनाचा शोध लावणाऱ्या निकोलाउस ओटो यांचे ते भागीदार होते, हे तुझ्या अभ्यासक्रमात कोणी सांगितले नसेल म्हणून मुद्दाम लिहितो. रेल्वे पुरी झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८९५ साली ते वारले आणि लोकांसाठी गाडी १९०१मध्ये सुरू झाली. आजही तिथले लोक तिच्यातून कामावर जातात, आणि मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१९५० साली एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाची हत्तीण या गाडीत चढवली होती. ते बिचारे पिल्लू बिथरले, डब्याची बाजू फोडून खाली नदीत पडले आणि किरकोळ खरचटण्यावर वाचले. तिचे चित्र तिथे एका भिंतीवर रंगवलेले आहे, ते गाडीतूनच दिसते.

वुपर्टालला गेलीस की त्याच दिवशी खायला पुढे झोलिंगेनच्या बुर्ग गावी जा. वाटेत रेमशाइड ते झोलिंगेन रेल्वेने जाताना म्युंगस्टेनचा १८९७ साली बांधलेला पूल लागतो. जर्मनीतला हा सर्वांत उंच रेल्वेपूल दरीच्या तळापासून १०७ मीटर उंच आहे. बुर्गच्या किल्ल्याभोवतालच्या खाणावळींत त्या डोंगराळ मुलुखाचा कॉफीचा थाट मांडतात. तो जेवण म्हणावा की न्याहारी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मधोमध जस्ताळ रंगाची, तीन पायांची, पोट सुटलेली कथिलाची सुरई असते आणि तिच्या तोटीतून कॉफी घ्यायची असते. भोवती मनुका घातलेला पाव, लोणी, मध, सफरचंदाचा दाट काळा पाक, गरम चेरी घातलेली वाफल्स, दुधात शिजवून वर साखर-दालचिनी भुरभुरलेला भात, आणि मग काळा पाव, ताजे चक्क्यासारखे चीज व मांसाचे काप येतात. मांसाचे काप नकोत असे आधीच सांगितलेस, तर उरलेल्यात तुझे पोट भरून उरेल. हे सणावारी, पाहुणे आले म्हणजे मांडायचे खाणे आहे. म्हणून एकटी जाऊ नकोस, वर्गातल्या दोघी-तिघींना घेऊन जा.

कोलोनला तू जातेसच. तिथल्या जुन्या बिअरगृहांत केवळ २०० मिलिलीटरचे उभट पेले देतात. ते रिकामे होताच निळ्या पोशाखातला वाढपी न विचारता दुसरा ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो. तो पुठ्ठा पेल्यावर झाकण म्हणून ठेवला, तरच वाढणे थांबते. घ्यावी की न घ्यावी हे तू ठरवशील. घेणार असलीस तर हा रिवाज आधी माहीत असलेला बरा.

दुसऱ्या आठवड्यात बारले या गावी जा. बेल्जियमच्या सरहद्दीपासून थोडे आत, नेदरलँड्सच्या हद्दीत हे गाव आहे, पण गावातले आणि आसपासचे २२ तुकडे बेल्जियमचे आहेत, आणि त्यांतल्या दोन तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस ब्राबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांच्यात जमिनींची जी वाटणी झाली, तिचे हे फळ. पुढे राज्ये बदलली आणि १८४३ साली दोन देशांची सीमा आखली गेली, परंतु इथे रेघ ओढणे जमले नाही; शेते एकेक करून या देशाची की त्या देशाची एवढेच नोंदवले गेले. आज रस्त्यावर पांढऱ्या फुल्या रंगवून सीमा दाखवली आहे. ती दुकानांतून आणि लोकांच्या घरांतूनही जाते. घराचा मुख्य दरवाजा ज्या देशात, त्या देशाचे ते घर, असा तिथला नियम आहे आणि घरक्रमांकाच्या पाटीवर त्या त्या देशाचा झेंडा असतो. एका गावात दोन नगरपालिका आणि दोन महापौर सुखाने नांदतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम जवळजवळ सारा घेतला, परंतु तटस्थ नेदरलँड्स ओलांडल्याशिवाय या तुकड्यांपर्यंत पोहोचता येत नव्हते, म्हणून ते मुक्त राहिले. २०२०च्या टाळेबंदीत, सीमा मधून जाणाऱ्या एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधला अर्धा भाग फीत लावून बंद होता आणि उरलेल्या अर्ध्यात विक्री चालू होती.

हे पाहताना तुला कूचबिहारची आठवण झाली पाहिजे. भारत आणि बांगलादेश यांचे असेच तुकडे एकमेकांच्या हद्दीत अडकले होते. तिथल्या लोकांना ना शाळा, ना रेशन, ना ओळखपत्र अशा अवस्थेत काही पिढ्या काढाव्या लागल्या, आणि २०१५ साली अदलाबदल झाली तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला. बारलेत ज्याची गंमत वाटते, ती दोन्ही बाजूंची सरकारे शहाणपणाने वागली म्हणून गंमत आहे. गावात रेल्वे नाही. ब्रेडा किंवा टिलबर्गहून बस मिळते. परतताना रॉटरडॅमला मुक्काम करायचा असेल, तर ब्लाक स्थानकाशेजारी पीट ब्लोम या वास्तुविशारदाची पिवळी, कोपऱ्यावर उभी केलेली ठोकळ्यांसारखी घरे आहेत आणि त्यांतल्या मोठ्या ठोकळ्यात तरुणांसाठी होस्टेल आहे. भिंती तिरक्या असल्याने कपाट कुठे ठेवायचे हा तिथे राहणाऱ्यांचा खरा प्रश्न आहे. एक रात्र काढून पाहा.

मुक्कामासाठी माझी पहिली पसंती मात्र दक्षिण इटलीतल्या मातेराला आहे. बारीपर्यंत विमानाने आणि तिथून छोट्या रेल्वेने जाता येते. मऊ चुनखडकाच्या दरीत एकावर एक कोरलेली घरे, एकाचे छप्पर म्हणजे दुसऱ्याचे अंगण, आणि खडकात खोदलेली टाकी, ज्यांत पावसाचे पाणी साठवत. लाकूड व पाणी दुर्मीळ आणि खडक मऊ, तिथे माणसे अशीच राहणार. पण विसाव्या शतकात त्या गुहांत एकेका कुटुंबाची कोंबड्या, गाढवे यांच्यासह दाटी झाली होती, मलेरियाने मुले दगावत होती, आणि इटलीत त्याला राष्ट्राची लाज म्हटले गेले. १९५२च्या कायद्याने सुमारे १५ हजार लोकांना तिथून नव्या वस्त्यांत हलवले. ओस पडलेली ती दरी १९९३ साली जागतिक वारसा ठरली, आणि आता त्याच गुहांत पांढऱ्या चादरी अंथरलेली हॉटेले आहेत. तिथे झोपण्यात गैर नाही, परंतु आधी जुन्या संसारासह जपून ठेवलेले एखादे गुहेतले घर पाहून ये, म्हणजे आपण कोणाच्या खोलीत उतरलो आहोत याची जाण राहील. तिथला पाव अवश्य खा. घरोघरी कणीक मळून सार्वजनिक भट्टीत भाजायला देत आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक कुटुंब त्यावर आपला लाकडी ठसा उमटवीत असे. ते कोरीव ठसे आता दुकानांत विकायला असतात. आणायचेच काही असेल तर आईसाठी तो आण. जवळच आल्बेरोबेल्लो आहे. चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून उभारलेली शंकूच्या छपरांची घरे तिथे पाहायला मिळतात. राजाचे कर-अधिकारी येताच पाडता यावीत म्हणून तिथल्या जमीनदाराने ती तशी बांधायला लावली, असे सांगतात.

आणखी एक जागा तू माझ्यासाठी पाहून यावीस अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मला तिथे जाणे जमले नाही. फ्रान्समध्ये लिओँ आणि व्हालाँस यांच्या दरम्यान ओतरीव्ह नावाचे खेडे आहे. तिथे फेर्दिनाँ शव्हाल नावाचा पोस्टमन रोज सुमारे तीस किलोमीटर पायी टपाल वाटत असे. १८७९ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वाटेत एका दगडाला ठेचकाळून तो अडखळला. तो दगड इतका सुंदर वाटला, की दुसऱ्या दिवसापासून तो दगड जमवू लागला. आधी खिशातून, मग टोपलीतून, पुढे ढकलगाडीतून. वास्तुकलेचे शिक्षण नाही, गवंडीकाम येत नाही, मदतीला कोणी नाही, अशा स्थितीत त्याने ३३ वर्षे खपून एक महाल उभा केला. त्यात प्राणी आहेत, राक्षसी उंचीचे पुतळे आहेत, मशीद आहे आणि एक हिंदू मंदिरही आहे. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता. वाटण्यासाठी आलेल्या सचित्र मासिकांतून आणि पोस्टकार्डांतून जग त्याच्या हाती येत होते. त्याला तिथेच पुरून घ्यायचे होते, कायद्याने परवानगी मिळाली नाही, तेव्हा गावच्या दफनभूमीत स्वतःची समाधी बांधायला त्याने पुढची आठ वर्षे दिली. गावाने ज्याला खुळा ठरवले, त्याचे काम फ्रान्सने १९६९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. ती ढकलगाडीही त्याने महालातच जागा करून ठेवली आहे. त्या मंदिराचे शिखर कोणत्या शैलीच्या जवळ जाते, ते नीट निरखून मला कळव. घाई करू नकोस, चारही बाजूंनी फीर.

बुडापेस्टच्या पडक्या वाड्यांतली पेयगृहे, पोलंडमधल्या व्येलिच्काच्या खाणीतले शंभर मीटर खोलीवरचे मिठाचे प्रार्थनागृह, लुब्लियानाचा लष्करी तुरुंग जिथे आता होस्टेल आहे, या जागाही चांगल्या आहेत. पण एका सुट्टीत सारे बसवू नकोस. मातेराची खोली लवकर ठरव, उन्हाळ्यात तिथे फार गर्दी असते. जर्मनीबाहेर जाताना पासपोर्ट आणि निवासाचे कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ ठेव. आईने मेथीचे लाडू कुरिअरने पाठवले आहेत, ते पोहोचल्याचे कळव, आणि बारलेला जाण्याचा दिवस ठरला की तोही कळव.

कळावे, लोभ आहेच.

तुझे,
बाबा