तुझी दहा अल्बमांची यादी

आमोणे,
श्रावण, सोमवार

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला, यावर घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, पावसात टॉवर जातो. मी गप्प आहे. तुझ्या कानातल्या शिळेविषयी एक अक्षरही लिहायचं नाही या अटीवर तिने मला पाकीट आणून दिलंय, तेव्हा मी तुझ्या यादीविषयीच लिहिणार आहे.

तुझी आवड घडवणाऱ्या दहा अल्बमांची यादी मिळाली होती. प्रज्योतने मोबाईलवर अक्षरं मोठी करून दिली, मी ती वहीत उतरवून घेतली. दुपारी जेवणं झाली की तो मला एकेक अल्बम लावून देतो. त्याला वाटतं म्हातारा डुलकी काढेल. मी जागा असतो. इंग्रजी शब्द मला अर्धे कळत नाहीत आणि उरलेले ऐकू येत नाहीत, तरी मी ऐकतो, कारण माझ्या मुलीला कशाने वेड लावलं ते मला बघायचंय.

एक सांगू? मला सगळ्यात आवडला तो तुझा आठव्या नंबरचा, त्या निक ड्रेकचा 'पिंक मून'. 1972 चा. अर्धा तासही नाही, एक माणूस आणि एक गिटार, एका गाण्यात थोडा पियानो. प्रज्योत म्हणतो, दोन रात्रींत रेकॉर्ड केला होता. मी आईला म्हटलं, बघ, मला पण चांगली आवड आहे. मग लक्षात आलं की गर्दी नाही म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला. ज्यात दहा वाद्यं आहेत ते माझ्या कानातल्या या यंत्रातून ऐकलं की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं होतं. म्हणजे माझी आवड माझ्या यंत्राने ठरवली. तू यादीखाली दीड पान लिहिलंयस, की गाणं लिहिणाऱ्याची आवड पुस्तकांतून येते, मित्रांतून येते, प्रेमभंगातून येते (हा कोणाचा, ते आईने विचारलंय). त्यात हे कुठेच नाही. आधी ऐकू यावं लागतं, बाय.

असो. कानाचं नाही लिहायचं.

पहिल्या नंबरावर तू बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' ठेवलायस, 1966 चा. तो करणाऱ्या ब्रायन विल्सनला लहानपणापासून उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याने तो मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज येईल असा, मिक्स केला, हे तू मला फोनवर फेकून मारलंस. 'बाबा, एका कानाने त्याने हे केलंय.' ऐकला मी. गंमत म्हणजे मी यंत्र एकाच कानात लावतो, त्यामुळे तुझ्या बाकीच्या अल्बमांत अर्धी वाद्यं पलीकडच्या बाजूला राहून जातात. यात काही सुटलं नाही. जणू माझ्यासाठीच केलाय. बीटल्सचा 'रबर सोल' ऐकून हा माणूस पेटला आणि याचं ऐकून बीटल्स 'सार्जंट पेपर'पर्यंत गेले, हेही तू लिहिलंयस. छान आहे. आपल्याकडेही बुवा लोक एकमेकांची गाणी चोरून ऐकत आणि घरी जाऊन पेटीवर बसत.

पण त्याचा कान गेलेलाच होता, सई. त्याने घालवला नव्हता.

तिसऱ्या नंबरची ती जोनी मिचेल. नवव्या वर्षी पोलिओ, डाव्या हाताला जोर नाही, म्हणून गिटारच्या तारा निराळ्या लावून घेतल्या आणि त्यातून तिचे ते वेगळे सूर निघाले. 'ब्लू' मी दोनदा लावायला लावला. वर जाते तेव्हा ती मला हरवते, खाली आली की परत सापडते. बाई मोठी आहे, वाद नाही. पण तुझ्या यादीत तू अशाच गोष्टी वेचून वेचून लिहिल्यास. कोणाचा कान गेला, कोणाचा हात गेला, मग बघा कसं गाणं आलं. आणि फोनवर म्हणालीस, 'खोट असते तिथूनच गाणं येतं.' याचा मला राग आला. पोलिओ झालेली मुलं आपल्या वाड्यावरही होती. त्यांतल्या एकाचाही अल्बम निघाला नाही.

हे जरा जास्त झालं. खोडणार होतो, पण खाडाखोड दिसली की तू अजून काहीतरी कल्पना करशील. राहू दे.

आता मला माहीत आहे ते सांगतो. बार्जवरची माझी नोकरी तुला फक्त लाडवांच्या डब्यापुरती आठवते. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायचं आणि मांडवीतून मुरगावला जायचं. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादकडचं तोंड बंद, की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. वर डेकवर जग सुंदर होतं. मी खाली इंजिनात. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे, सगळं हाताने. वर आलो की कानात शीळ. रात्री झोपलो की शीळ. सकाळी नाहीशी. तुझ्या शब्दांत सांगायचं तर 'दोन दिवसांत जाते, बाबा.' माझीही जायची. मग एका वर्षी गेली नाही. कुठल्या दिवशी ते सांगता येत नाही, कारण तसा दिवस नसतो. 2012 ला खाणी थांबल्या, इंजिनं बंद झाली, सगळे रडत होते, आणि मला वाटलं निदान आता शांत होईल. शांत झालं नाही. माझ्या डोक्यात ते इंजिन अजून चालू आहे.

कानाच्या डॉक्टरने मला आलेख काढून दिला होता तो कपाटात सापडला, त्याची झेरॉक्स सोबत ठेवतोय. डावीकडून रेघ बरी चालते आणि चार हजार हर्ट्झच्या आकड्यावर, म्हणजे वरच्या पट्टीत, विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. आवाजाने गेलेले कान असेच तिथून सुरुवात करतात. आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. त्या वरच्या पट्टीतच शब्दांचे स, श, फ, त असतात. म्हणून मला तू गातेस ते ऐकू येतं आणि तू काय म्हणतेस ते येत नाही. रातकिडे तर केव्हाच गेले. तुम्ही म्हणता कुळागरात आहेत, मी मान डोलावतो.

85 डेसिबलला आठ तास चालतं. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरवर गेलं की जेमतेम पाव तास. तुमची त्या गॅरेजातली तालीम किती चालते? ड्रमवाला तुझ्या उजव्या हाताला बसतो ना? शीळ उजव्या कानातच आहे ना? स्पंजचे बोळे घातले की झांजा मेलेल्या वाटतात म्हणालीस, ते खरं असेल. पण कानाचा साचा घेऊन वादकांसाठी बनवतात ते प्लग सगळा आवाज सारखा खाली आणतात, रंग बिघडत नाही. महाग असतात. पैसे मी तुझ्या खात्यात टाकलेत. ते स्पीकरसाठी आहेत असं समजू नकोस.

आईने मागून वाचलं. ती म्हणते, 'हेच लिहायचं नव्हतं ना?' बरं. माफ कर. दुसरं काही लिहितो.

यादीत मला एकच गोष्ट खटकली (एक वर झाली, ही दुसरी). दहांत आपलं कोणीच नाही. सहाव्या नंबरावर तू 'नेब्रास्का' ठेवलास, 1982 चा, स्प्रिंगस्टीनने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर करून ठेवलेला कच्चा माल तसाच बाहेर काढला म्हणून. उत्तम. पण दोनच वर्षांनी, 1984 ला, आमच्या रेमो फर्नांडिसने शिवोलीत स्वतःच्या घरात चार ट्रॅकवरच 'गोवन क्रेझी' केला आणि स्कूटरवरून दुकानादुकानांत कॅसेटी पोचवल्या. ती कॅसेट आपल्याकडे होती. तू तिची रीळ ओढून गणपतीवरच्या माटोळीला बांधली होतीस, तेव्हा तुझं आणि त्याचं नातं जुनं आहे. आणि बार्जवर रात्री टेपवर काय लागायचं? ख्रिस पेरी आणि लोर्ना. कोंकणी शब्द, खाली जॅझचा बाजा. इंजिन बंद असलं की ते पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जायचं. तुला एकदा मी घेऊन गेलो होतो, आईला न सांगता. तू लोर्नासारखी मान वाकडी करून दाखवायचीस. ते तुला आठवत नसेल, पण पणजीच्या त्या कार्यक्रमात तू माइकसमोर उभी राहिलीस आणि मान तशीच वाकडी केलीस. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, ही माझी. त्याने विचारलं नव्हतं.

तुझी आवड या दहांनी घडवली असं तू लिहितेस. मला वाटतं, निवडायला लागायच्या आधीच अर्धं काम झालं होतं. देवळात भजन रात्रभर चालायचं आणि तू सतरंजीवर पखवाजाच्या शेजारी झोपायचीस. उचलून दूर नेऊन ठेवलं की रडायचीस. आजी धालोला जायची तेव्हा तिच्या पदराला धरून फेर धरायचीस, एक ओळ इकडून, तीच ओळ पलीकडून. आणि आपली घुमटं, ती मातीची, कातडं मढवलेली. तुझ्या फेरीबोटीच्या गाण्यात मधे जो ठेका अडखळून परत उभा राहतो, तो पुण्याच्या ड्रमवाल्याला मोजून शिकावा लागला असं तूच सांगितलंस. तू मोजत नाहीस. तो चवथीच्या आरतीचा आहे, घुमट, शमेळ आणि कासाळ्याचा. तुझ्या आजोबांचा हात आहे तो. दीड पानात तू प्रेमभंग लिहिलास आणि आजोबा नाही लिहिलेस.

इथे व्याख्यान होतंय, कळतं मला. पण एवढं ऐकच. मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं बघ. घरात कीर्तन, देवळात पूजा, मग एका गुरूकडून दुसऱ्याकडे, मग मुंबई आकाशवाणीत नोकरी. 1967 ला 'कट्यार काळजात घुसली'च्या चाली बांधल्या, त्यात दोन घराणी एकमेकांसमोर उभी करायची होती आणि दोन्ही त्यांच्या गळ्यात आधीच बसलेली होती. यादी करायला त्यांना कोणी सांगितलं असतं तर किती लांबली असती!

आणि यादीच म्हणशील तर 1977 ची. 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर सगळ्या पृथ्वीतून निवडलेल्या 27 संगीतरचना. त्यात आमची केरीची केसरबाई आहे, भैरवी, साडेतीन मिनिटं. त्याच तबकडीवर तुझ्या नवव्या नंबरचा तो चक बेरी आहे. याचा अर्थ काय ते मला विचारू नकोस, मला फक्त त्या निवडणाऱ्यांच्या कानाचं कौतुक वाटतं. फोंडा तालुक्यातली बाई, आणि त्यांना ती पोचली.

तू नोकरी सोडलीस तेव्हा मी काही बोललो नव्हतो हे लक्षात ठेव. मामा बोलला, मी नाही. तेव्हाही मला पैशाची भीती नव्हती. तुझ्या गळ्याची आणि हाताची तर कधीच नव्हती. तुझं गाणं बरं होत नाही म्हणून तू परत आलीस तर आपण भात पेरू. पण ते बरं होत असताना तुलाच ऐकू येईना झालं, तर मी तुला काय सांगणार? मला येतं ते एकच, यंत्राची बॅटरी कशी बदलायची.

चवथीला ये. घुमटाला नवं कातडं घातलंय, बकऱ्याचं. घोरपडीचं वाजायचं तसं ते वाजत नाही असं सगळे म्हणतात, पण कायदा आहे आणि घोरपडीचंही बरंच आहे. 2019 पासून घुमट हे राज्याचं वारसा वाद्य आहे, म्हणून प्रज्योत त्याला 'सर' म्हणतो. मोठ्या आरतीला तू माझ्या बाजूला बस, घुमटांच्या समोर नको. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, प्रज्योतलाही सांगितलंय. तोही ऐकत नाही.

शेवंतीचं काम झालं. पंप दुरुस्त केला. काकाची पेटी माडीवरच आहे, पावसाने तिचे दोन सूर बसलेत, तू आल्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या नव्या गाण्याचे शब्द कागदावर लिहून पाठव, मोबाईलवर नको, मोठ्या अक्षरात. चाल मला कळली. आणि कानाची तपासणी केलीस की तुझा आलेख पाठव. आईला नको, मला. डॉक्टरकडे शनिवारी गर्दी असते, मंगळवारी जा.